थांबण्याचा हिशेब कसा मांडायचा?

आकडेमोड्या यांचा प्रश्न:

माझं काम विमा कंपनीत, आणि जोडीला ॲक्च्युअरीच्या (म्हणजे विम्यातली जोखीम आणि पैशाचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षा. ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही एक परीक्षा नसते, पेपरांची लांबलचक रांग असते. नोकरी सांभाळून ती संपवायला वर्षंच्या वर्षं जातात. एका दमात सगळे पेपर काढणारे विरळा. मी सध्या साधारण मधोमध आहे. परत फिरावं तर बरंच चालून आलोय, पुढे बघावं तर टोक दिसत नाही.

कामाचं स्वरूप असं की अमुक वर्षांनी द्यावी लागणारी रक्कम आज किती धरायची, ते दिवसभर काढत बसायचं. तीस वर्षांनी १०० द्यायचे आहेत; वर्षाला ५ टक्के व्याज धरलं तर त्यासाठी आज साधारण २३ बाजूला ठेवले की भागतं. साडेपाच टक्के धरलं तर २० पुरतात. अर्ध्या टक्क्याने एवढा फरक पडतो, म्हणून त्या अर्ध्या टक्क्यावर आमच्याकडे बैठकांवर बैठका होतात.

आता माझं स्वतःचं. बरोबरीच्या एकाने मधेच परीक्षा सोडली, दुसरीकडे गेला, आज माझ्या पुढे आहे. मलाही तशीच एक जागा चालून आली आहे: पगार आत्ताच्या दीडपट, परीक्षेची अट नाही, पण पुढे वाढायला जागाही फारशी नाही. इथेच राहिलो आणि रांग संपवली तर शेवटी मिळणारं जास्त आहे, हे कागदावर दिसतं. पण त्या कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच साचल्यात. मित्र दरवर्षी डोंगरात जातात, मी दरवर्षी "पुढच्या खेपेला नक्की" म्हणतो. पोहायला शिकायचं आहे. अजून दुसऱ्याबरोबर खोली वाटून राहतो, कारण बचत. अक्कलदाढ दुखते, तीही परीक्षा झाल्यावर बघू. आणि एका व्यक्तीला "हे सगळं आटपलं की बोलू" असं सांगून ठेवलंय, त्यालाही आता बराच काळ लोटला.

मला विचारायचंय ते असं. यातलं कुठलं थांबणं पुढे काही देणार आहे आणि कुठलं नुसतंच थांबणं आहे, हे ओळखायचं कसं? कधी वाटतं मी चिकाटीचा आहे, कधी वाटतं नुसता घाबरट आहे आणि परीक्षेच्या आड लपलोय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

"संयमाचं फळ गोड" छापाची उत्तरं कृपया नकोत. ती मला घरूनच भरपूर मिळतात.

रंधा यांचा प्रतिसाद:

मी तंतुवाद्यं बनवते. थांबणं हा आमचा अर्धा धंदा, म्हणून लाकडाचंच सांगते.

ओल्या लाकडाचं वाद्य केलं तर ते तयार झाल्यावर सुकायला लागतं. आकसतं, सांधे उघडतात, वरच्या पातळ फळीला चीर जाते. मग आधी सुकवायचं. उघड्या हवेवर सुकवताना जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. लाकडाची जात आणि हवा बघून तो मागेपुढे होतो. नवीन शिकायला येणारी मुलं तेवढंच ऐकतात. फळी आणतात, भिंतीला उभी करतात आणि वर्षं मोजतात. वर्षभराने फळीला बाक आलेला असतो, टोकं फाटलेली असतात, आणि चेहरा असा की आम्ही थांबलो होतो ना!

नुसतं थांबून काही होत नाही, मांडणी करावी लागते. फळीच्या दोन्ही टोकांकडून ओल झपाट्याने उडते आणि मधला भाग मागे राहतो, त्या ओढाताणीत टोकं फाटतात. म्हणून टोकांना आधी मेण किंवा जाड रंग लावायचा. थप्पी जमिनीपासून वर. दोन फळ्यांच्या मधे एकाच जाडीच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एकाखाली एक, एका ओळीत. एक जरी पट्टी सरकली तरी तिथे फळी खाली दबते आणि तशीच सुकते. नंतर कितीही रंधा मारा, ती सरळ होणार नाही. वर वजन. ऊन नको, वारा हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन करायचं. फळीवर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहायचं. काही आठवड्यांनी पुन्हा करून खाली लिहायचं. सुरुवातीला आकडा भराभर उतरतो, मग हळूहळू, आणि एक दिवस उतरायचा थांबतो. म्हणजे फळीतली ओल आणि भोवतालच्या हवेतली ओल यांचा मेळ बसला. त्यानंतर ती फळी सुकवण्यासाठी ठेवण्यात काही अर्थ नाही. (जुन्या लाकडाचा नाद वेगळाच असतो असं मानणारे आमच्यात पुष्कळ आहेत, त्यावरून भांडणंही होतात. ती इथे नकोत.)

तुमची यादी मी याच नजरेने वाचली. परीक्षेच्या फळीवर पेन्सिलचे आकडे आहेत का? म्हणजे निकाल नव्हे. मागच्या वर्षी जे काम दुसऱ्याला विचारल्याशिवाय जमत नव्हतं, ते आज जमतं का? जमत असेल तर आतमध्ये काहीतरी घडतंय, निकाल काहीही लागो. जमत नसेल तर तुम्ही भिंतीला फळी टेकवून ठेवली आहे. पोहण्याला मात्र हे काहीच लागू नाही. पोहणं पाच वर्षं लांबवलं म्हणून पाच वर्षांनी जास्त चांगलं येत नाही. उलट पाण्याची भीती तेवढी मुरते.

आणि ती व्यक्ती म्हणजे फळी नव्हे, हे वेगळं लिहायला हवं का?

आकडेमोड्या:

ताई, वजनाची गोष्ट डोक्यात बसली. प्रामाणिकपणे सांगायचं तर आकडा उतरतोय, हळू. नव्या योजनेचा हप्ता ठरवण्याची अख्खी फाइल आता मी एकटा करतो, आणि वरिष्ठ फक्त शेवटी बघतात. आधी प्रत्येक पायरीला विचारावं लागायचं. पण हे मला तुम्ही विचारल्यावर सुचलं. मी आजवर फक्त निकालच मोजत होतो.

शंकेखोर यांचा प्रतिसाद:

आता कोणीतरी मार्शमॅलोचा (हा एक मऊ गोड खाऊ) तो प्रसिद्ध प्रयोग घेऊन येणारच, त्यापेक्षा मीच आणतो. निदान अर्धवट तरी सांगितली जाणार नाही.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल आणि त्यांचे सहकारी, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातली बालवाडी, १९६० च्या दशकाचा शेवट आणि ७० च्या दशकाची सुरुवात. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर खाऊ. हवा तर घंटी वाजव आणि आत्ता एक घे. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. पुढे याच मुलांचा पाठपुरावा झाला आणि १९९० मध्ये छापून आलं की जास्त थांबलेल्या मुलांना पुढे परीक्षांत गुण जास्त. तेव्हापासून प्रत्येक व्याख्यात्याच्या पोतडीत हा खाऊ असतो: बघा, चौथ्या वर्षीच कळतं कोण यशस्वी होणार!

पहिली गोष्ट, त्या पाठपुराव्यात ज्यांचे गुण हाती आले ती मुलं शंभरपेक्षा कमी होती, आणि सगळी एकाच बालवाडीतली, म्हणजे बहुतेक शिकल्यासवरल्या घरची. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान या तिघांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबणं आणि पुढची प्रगती यांचा संबंध मूळच्या साधारण निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला. काही उरलंच नाही असं नाही. पण चार वर्षांच्या पोराची कुंडली मांडावी इतकं तर नक्कीच उरलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती कुणी सांगत नाही. मिशेलना मुळात मुलांची प्रतवारी करायचीच नव्हती. थांबताना मूल नेमकं काय करतं, ते बघायचं होतं. १९७० च्या त्यांच्या प्रयोगात दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर ठेवले तेव्हा मुलं सरासरी मिनिटभर थांबली. दोन्ही नजरेआड केले तेव्हा सरासरी अकरा मिनिटं. वय तेच, बालवाडी तीच, फक्त खाऊ झाकला. एरवीही जी मुलं टिकली ती दात-ओठ खाऊन बसलेली नव्हती. कुणी डोळे झाकले, कुणी गाणी म्हटली, कुणी खुर्ची फिरवून पाठ केली.

मोठ्यांचंही तेच. २०१२ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत २०५ प्रौढांकडे यंत्रं देऊन आठवडाभर त्यांना दिवसातून बरेचदा विचारलं: आत्ता कशाची इच्छा होतेय, आणि तुम्ही ती दाबताय का? ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला म्हणून गणला गेला होता, त्यांच्या नोंदींत मोहाशी झटापटीच कमी निघाल्या. मोह त्यांच्या वाटेत फारसा येतच नव्हता.

आणि तिसरी, जी थेट तुमच्याविषयी आहे. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग. २८ मुलं. खाऊच्या आधी चित्र काढायला बसवलं. जुने मोडके खडू दिले आणि सांगितलं, थांबलास तर छान नवे आणतो. निम्म्या मुलांना खरंच नवे आणून दिले. निम्म्यांना येऊन सांगितलं, सॉरी, नव्हतेच. मग चिकटवायच्या चित्रांबाबत पुन्हा तेच केलं. आणि त्यानंतर खाऊची परीक्षा. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं टिकलेली पहिल्या गटात १४ पैकी ९, दुसऱ्यात १४ पैकी १.

त्या तीन मिनिटवाल्या पोरांना हावरट कोण म्हणेल? ती शहाणी होती. शब्द न पाळणाऱ्या माणसासाठी बसून राहणं हा कसला गुण?

तेव्हा स्वतःत चिकाटी आहे की भीती, हे उकरत बसण्याआधी बाहेर बघा. तुम्हाला दुसरा खाऊ कबूल कुणी केलाय? परीक्षा संपवलेल्यांना तुमच्या कंपनीत खरोखर वरची जागा मिळाली, अशी माणसं तुमच्या डोळ्यांसमोर आहेत का? नियमात लिहिलंय की कुणीतरी चहा पिताना म्हणालंय? पाटी कोरी असेल तर दीडपट पगार घ्या आणि मागे बघू नका.

हप्तेबंद यांचा प्रतिसाद:

कर्जात रुतलेल्या लोकांना कागद लावून द्यायचं काम करतो, म्हणून ही बाजू. धागालेखकाला चक्रवाढ समजावणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं (इथे त्यांना तेही येत नाही म्हणा), पण बाकीच्यांसाठी.

वर्षाला ८ टक्के मिळत असतील तर रक्कम साधारण ९ वर्षांत दुप्पट होते. ७२ ला व्याजदराने भागायचं, वर्षं मिळतात. ढोबळ आहे पण चालतं. म्हणजे १ चे ३६ वर्षांत १६. ऐकायला झकास. पण हे कसं होतं ते वर्षांच्या हिशेबात बघा. पहिल्या ९ वर्षांत १ चे २, वाढ फक्त १. शेवटच्या ९ वर्षांत ८ चे १६, वाढ ८. एकूण जे मिळालं त्यातलं अर्ध्याहून जास्त शेवटच्या चौथाईत. सुरुवातीच्या वर्षांत माणसाला वाटणारच की आपण मूर्ख आहोत. मधोमध असलेल्यालाही वाटतं: १८ व्या वर्षी हातात ४ आहेत, १६ नाहीत. धागालेखकाचं "टोक दिसत नाही" मला तसंच वाटलं.

पण हेच गणित उलटही फिरतं, आणि संयमाचं गुणगान करणारे ते सांगत नाहीत. २४ टक्के व्याजाचं देणं तीन वर्षांत जवळपास दुप्पट होतं. अशा माणसाने एका बाजूला ८ टक्क्यांची बचत चालू ठेवून "मी भविष्याचा विचार करतो" म्हणणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. आणि महागाई ६ टक्के असेल तर कपाटात ठेवलेल्या पैशाची किंमत बारा वर्षांत निम्मी. तोही थांबलेलाच असतो बिचारा.

शंकेखोर यांच्या झाकण्याच्या मुद्द्याला जोड. थेलर आणि बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी एका कंपनीतल्या कामगारांना सांगितलं, आत्ता काही कापू नका. पुढची पगारवाढ झाली की त्यातला थोडा भाग बचतीत आपोआप जाईल, नको वाटलं तर कधीही बाहेर पडा. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. २००४ मध्ये छापलंय. कुणाचं मनोबल वाढवलं नाही, व्याख्यान दिलं नाही. हातातला घास काढून घेतला नाही, एवढंच. पैसा खात्यात दिसायच्या आधी गेला तर त्याची आठवण होत नाही. दिसल्यावर द्यायचा म्हटलं की जीव जातो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी दुसरं काही सांगतच नाही: पगाराच्या दिवशीच, आपोआप, छोटा आकडा.

खोली वाटून राहण्याबद्दल: ती बचत कशासाठी, तिला नाव आहे का? नाव नसलेली बचत मी फार बघितली. ती एक तर कधीच खर्च होत नाही, नाहीतर एका रात्रीत होते.

नेमबिंदू यांचा प्रतिसाद:

सगळे हुशारीचं लिहितायत, मी जरा वेगळं लिहिते.

माझ्या वडिलांना फोटोग्राफीचा नाद. म्हणजे नाद असणार होता. तरुणपणी चांगला कॅमेरा घेतला, त्यापेक्षा चांगली लेन्स घेतली, आणि मग ठरवलं की हे निवृत्त झाल्यावर निवांत. लेन्स तिच्या चामडी डबीत, डबी कापडात, कापड पेटीत, पेटी कपाटाच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. वर्षातून एकदा पेटी उघडून, बघून, पुन्हा तशीच बंद.

निवृत्तीनंतर त्यांनी ती बाहेर काढली, उजेडात धरली. काचेच्या आतल्या बाजूला बारीक बारीक पांढऱ्या धाग्यांचं जाळं. बुरशी. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं की बंद, अंधाऱ्या, दमट जागी ठेवलेल्या लेन्सला हे होतंच, त्यात चामड्याची डबी म्हणजे तिला घरच. रोज वापरात असती, उजेड-वारा लागला असता, तर बहुधा झालं नसतं. जाळ्याने काचेवरचा लेप खाल्ला होता. पुसल्यावर जाळं गेलं, खुणा राहिल्या.

वडील रडले वगैरे नाहीत. "असू दे" म्हणाले आणि मोबाइलवर फोटो काढायला लागले. चांगले काढतात. पण आता गुडघे दुखतात, त्यामुळे बागेतल्या बाकावरून जे दिसेल तेच.

किवेट्झ आणि कायनन नावाच्या दोघांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या सुट्टीबद्दल विचारलं होतं, २००६ च्या सुमारास. नुकत्याच झालेल्या सुट्टीबद्दल लोक म्हणाले, अजून अभ्यास करायला हवा होता. काळ उलटल्यावर सूर फिरला: अजून मजा करायला हवी होती. शिकून चाळीस वर्षं झालेल्या माजी विद्यार्थ्यांमध्ये हा फिरलेला सूर आणखी ठळक होता. आळसाची रुखरुख निवते, हुकलेल्या मजेची वाढते. मला हे वाचून वडिलांची पेटी आठवली, म्हणून लक्षात राहिलं.

आकडेमोड्या, तुम्ही पाच गोष्टी एका ओळीत लिहिल्यात, जशा काही त्या एकाच पगारातून द्यायच्या आहेत. परीक्षा सोडा असं मी म्हणत नाही. पण परीक्षा आणि डोंगर यांचं भांडण नेमकं किती तासांचं आहे? वर्षात चार दिवस? त्या चार दिवसांत तुम्ही खरंच अभ्यास केलात का, की घरी बसून अभ्यास न केल्याचं वाईट वाटून घेतलंत?

खवचट यांचा प्रतिसाद:

वरच्या सगळ्यांना +१. फक्त एक: अक्कलदाढ काढणं पुढे ढकलणं हा संयम नाही हो. तो डॉक्टरला घाबरणं आहे. तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या भागाचं उत्तर तिथे मिळालं असं समजा. भीती कशी ओळखायची? जी गोष्ट थांबवल्याने रोज जास्त दुखते आणि तरी आपण थांबवतो, तिथे ती बसलेली असते.

शंकेखोर:

@नेमबिंदू, तो अभ्यास मलाही माहीत आहे. पण रुखरुख म्हणजे हिशेब नव्हे. ज्यांनी सुट्टीत मजा केली आणि परीक्षेत आपटले त्यांना चाळीस वर्षांनी कुणी विचारायला जात नाही. माजी विद्यार्थी म्हणून बोलावले जातात ते शिक्षण पूर्ण झालेलेच.

नेमबिंदू:

मान्य. तरी चार दिवसांचा प्रश्न उरतोच. त्याला चाळीस वर्षांच्या अभ्यासाची गरज नाही.

आकडेमोड्या:

सगळ्यांचे आभार. दोनतीन दिवस उत्तर दिलं नाही कारण सांगितलेलं करून बघत होतो.

शंकेखोर यांच्या प्रश्नापासून. मनुष्यबळ विभागाला सरळ मेल टाकला. सगळे पेपर सुटले की वेतनश्रेणी कुठली, हे नियमात लिहिलेलं निघालं. मी नोकरीला लागल्यापासून ते कुठेतरी होतंच, मी कधी मागितलं नव्हतं. गेल्या काही वर्षांत ज्यांनी रांग संपवली त्यांची नावं आठवून काढली. सगळ्यांना ती श्रेणी मिळाली आहे, एक सोडून. तो स्वतःच दुसऱ्या कंपनीत गेला, आणखी वर. म्हणजे दुसरा खाऊ आहे. दीडपट पगाराच्या जागेला नकार कळवला. कळवताना हात थरथरला नाही, उलट भूक लागली.

पण पेपर देण्याची पद्धत बदलतोय. प्रत्येक सत्राला दोन-दोन पेपर भरायचो आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा असायचो. आता एकेक. शेवट लांबेल, पण फळीवरचा आकडा तरी वाचता येईल. ताई, वहीच्या पहिल्या पानावर खरंच पेन्सिलने लिहायला सुरुवात केली आहे: विचारल्याशिवाय आज काय जमलं. आधीच्या कामांतलं आठवेल तसंही भरलं, आणि पान अपेक्षेपेक्षा लवकर भरलं.

हप्तेबंद, बचतीला नाव नव्हतं. "अडीअडचणीला" हे नाव चालत असेल तर होतं, पण अडचण किती मोठी ते ठरवलेलं नव्हतं. सहा महिन्यांचा खर्च एवढी रक्कम वेगळी काढली. उरलेल्यातून वेगळी खोली परवडते, हे मला आकडेमोड हा धंदा असूनही आत्ता कळतंय. आमच्या क्षेत्रात अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांचं १९३७ चं सूत्र आम्ही पाठ म्हणतो, भविष्यातल्या सुखाची आजची किंमत एकाच दराने कमी करत काढायची. स्वतः सॅम्युएल्सन यांनीच तिथे बजावलं होतं की माणसं खरंच अशी वागतात असं मी म्हणत नाही. ते वाक्य आम्ही परीक्षेला सोडून देतो, त्यावर गुण नसतात. आणि मी गेली काही वर्षं डोंगर, पाणी, पेपर आणि माणूस सगळ्यांना एकच दर लावून बसलो होतो.

डोंगराला हो म्हणालोय. दाढ शुक्रवारी.

त्या व्यक्तीला फोन केला. काय बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही, पण फोन बराच वेळ चालला.

आता एकच अडचण. पोहण्याच्या वर्गात मोठ्यांची तुकडी फक्त सकाळी सहाची आहे. मी अभ्यासामुळे रात्री उशिरा झोपतो. कुणाकडे काही उपाय?

रंधा:

अभ्यास सकाळी करत नाही ना? मग रात्रीचा शेवटचा तास सोडा. त्या तासात माणूस तीच ओळ चार वेळा वाचतो. मी त्या वेळी पटाशी हातात घेत नाही, बोट जातं.

शंकेखोर:

गजराचं घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि पोहण्याची पिशवी रात्रीच दाराशी. फोनवरचा गजर नको, बंद करायला उचलाल आणि बातम्या वाचत बसाल. पहिले दोन आठवडे कुणाला तरी बरोबर जायचं कबूल करा, शक्यतो अशा माणसाला जो तुमच्या दाराशी येऊन उभा राहील. सध्या खोलीत दुसरा राहतो म्हणालात ना? वेगळी खोली घेण्याआधी त्याला विचारा, त्याला पोहता येतं का.